कोंडवाड्यातली गाय

हे मी शाळेच्या भाषेत लिहिते आहे. बोलताना मी माझ्याच भाषेत बोलते, पण ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांना आमचं बोलणं ऐकलं की आम्ही अडाणी वाटतो, आणि मग ते समजुतीनं हसतात. ते हसणं मला सोसत नाही. मी सातवी पास आहे. माळ्याच्या पोरीनं त्या काळात सातवी करणं म्हणजे काय, ते मला विचारा. आठवीसाठी अमरावतीला जावं लागे, म्हणून बापानं माझी पाटी काढून घेतली आणि लग्न लावून दिलं. त्या रागातून मी अजून बाहेर आलेली नाही, आणि यायचीही नाही.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर. गावाच्या वरच्या अंगाला रमणा आहे, म्हणजे गवताचं मोठं राखीव रान, मध्ये तलाव. रमण्याला लागून पहिलं शेत आमचं. काळी जमीन, गोड्या पाण्याची विहीर. वांगी, मेथी, सांभार लावायचा आणि बाजारात न्यायचा. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. खालच्या तुकड्यात हरभरा.

आणि रमण्यात रोही. घोड्याएवढं जनावर, नर निळा-करडा, मादी भुरी, पाठ मागे उतरलेली. कळपानं येतात. खातात थोडं, तुडवतात फार. हरभऱ्यातून कळप एकदा गेला की मागे नुसते खुरांचे ठसे राहतात. पूर्वी आमचे केशवराव पाटील वर्षाला एखादा पाडायचे. त्यांच्याकडे लायसनची बंदूक होती. एक पडला की बाकीचे समजून जात आणि महिना दीड महिना रमण्याबाहेर तोंड काढत नसत. हा असा आमचा आणि रोह्यांचा व्यवहार होता, आणि दोघांनाही तो कळत होता.

साठ साली सरकारनं रमण्याच्या तोंडाशी पाटी ठोकली, 'अभयारण्य'. अभय कोणाला ते पाटीवर लिहिलं नव्हतं, पण रोह्यांनी ती आमच्या आधी वाचली असावी. केशवरावांची बंदूक खुंटीवर गेली आणि कळप दिवसाढवळ्या वांग्यात उभा राहू लागला. शेवटी गावानं तहसीलदाराकडे अर्ज केला. खूप खेटे घातल्यावर परवानगी मिळाली, पिकात शिरलेले दोन रोही मारायची. केशवराव सरपंच, बंदूकही त्यांचीच, म्हणून परवानगी त्यांच्या नावानं. तो मार्गशीर्ष होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात दाणी मास्तर अमरावतीहून ट्रकभर पोरं घेऊन रमण्यात उतरले.

गोपाळकृष्ण दाणी. बाप अमरावतीला वकील, आजा वकील, हा एकटा शाळामास्तर निघाला, शास्त्र शिकवायचा. पुण्यात शिकून आलेला, त्यामुळे बोलणं कसं धुऊन वाळत घातल्यासारखं. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात दुर्बीण. माणूस वाईट नव्हता. हे मी आत्ताच सांगून टाकते, पुढे सांगणं मला जमणार नाही.

त्या प्रकाराचं नाव होतं निसर्ग शिबिर. तलावाच्या काठी तंबू ठोकले. सकाळी पोरापोरींची रांग रमण्यात जायची, पाखरं बघायची, पिसं गोळा करायची, खुरांच्या ठशात पांढरा चुना का काय ओतून त्याचे साचे काढायची. दुपारी 'शांततेचा तास' असे. सगळ्यांनी बाभळीखाली बसायचं, बोलायचं नाही, ऐकायचं. शांत बसायला एवढ्या लांबून ट्रक करून आले होते! मी बांधावरून पाहायची. त्यातल्या चार पोरी एकदा सरळ माझ्या मेथीच्या वाफ्यातून चालत आल्या आणि मलाच विचारतात, "बाई, हे कुठलं गवत?"

"हे? हे तुमी रातच्याले पोयीसोबत खाता ते गवत," मी म्हटलं. "पाय उचला."

माझी शालू तेव्हा सातवीत होती. ती दुरून पाहायची, मग जवळून पाहायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी रांगेतच दिसली. मास्तरांनी तिला घेतलं होतं. गावातली एकटी ती. घरी यायची ती डोक्यात वारं भरल्यासारखी.

"माय, रोही रोज एकाच जागी लेंड्या टाकते, तुले माहीत हाये का?"

"माहीत हाये. आपल्या वांग्यात टाकते."

ती हसायची. तिला माझ्या बोलण्याचा राग येत नसे, हेच तिचं माझ्यापेक्षा निराळं.

मग एका संध्याकाळी मास्तर स्वतः शेतावर आले. मी वांगी तोडत होते. आमचे नत्थुजी, म्हणजे शालूचे बाप, विहिरीच्या कठड्यावर बसले होते. त्यांना दमा. थंडी पडली की श्वासाची शिट्टी वाजायची.

"जयवंताबाई," मास्तर म्हणाले, "तुमची मुलगी फार हुशार आहे. तिला आठवीला अमरावतीला पाठवा. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळवून द्यायची जबाबदारी माझी. तुम्ही फक्त हो म्हणा."

माझ्या हातातली टोपली खाली आली. जे माझ्या बापाला कोणी सांगायला आलं नाही, ते माझ्या पोरीसाठी कोणी पायी चालत येऊन सांगत होतं. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही ते बरं झालं.

मास्तर गेल्यावर नत्थुजी म्हणाले, "पोरगी गेली तं राखणीले कोन बसन? माह्यानं तं मचाणावर चढनं होत नाई."

"राखण लागतच नाई," मी म्हटलं. "केशवराव दोन रोही पाडून राहिले या आठवड्यात. कळप रमण्यात गेला की कायची राखण?"

म्हणजे सगळं त्या दोन रोह्यांवर येऊन थांबलं होतं. ते पडले तर शालू अमरावतीला जाणार, नाहीतर मचाणावर. इतकं सरळ होतं ते.

मास्तरांच्या कानावर परवानगीची गोष्ट गेलीच. ते केशवरावांकडे गेले, विनवण्या केल्या. केशवराव म्हणाले, "मास्तर, तहसीलदाराचा हुकूम हाये. तुमी पाखरं पाहा." मास्तर परत आले ते काही बोलले नाहीत. पण मुकाट्यानं ऐकून घेणारा शिकलेला माणूस काहीतरी शिजवत असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी गावाला आमंत्रण होतं. पोरं नाटुकलं करणार होती. शालू आदल्या दिवसापासून गुणगुणत होती. "माय, तू येजो. गंमत हाये." घरातली घोंगडीही गायब झाली होती. मी विचारलं नाही.

सगळं गाव तलावाकाठी जमलं. पुढे बाया, मागे माणसं, केशवराव खुर्चीवर. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, आपण इथे ज्याला रोही म्हणता, त्या प्राण्याचं खरं नाव आहे नीलगाय."

खरं नाव! म्हणजे आमच्या आजापणजाच्या तोंडातलं खोटं. पण माझ्याखेरीज ते कोणाला टोचलं नाही. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. "गाय? माय वो, गाय म्हंते." "अवो, म्हनूनच तं मानंखाली पोळी लोंबते." रोह्याच्या नराच्या गळ्याला केसांचा झुबका असतो, गाईच्या गळ्याची लोंबती पोळी कुठली आली? पण एकदा गाय म्हटल्यावर प्रत्येकीला तिच्यात काहीतरी गाईचं दिसायला लागलं.

मग आमची घोंगडी पांघरून नीलगाय आली. शालू. मागे एक लहान पोरगं वासरू होऊन. समोरून अमरावतीचा एक पोरगा लाकडाची बंदूक रोखून आला. शालू गुडघ्यावर बसली आणि स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाली, "मी तुमची निळी गाय. मला माराल तर माझ्या वासराला कोण पाजेल?"

आवाज कापत होता तिचा. खरोखरीच कापत होता. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

पार्बताबाई, गावातली सगळ्यात म्हातारी सवाष्ण, ती उठली. तिनं नातीला पिटाळून घरून हळदकुंकू आणवलं. शालूच्या कपाळाला लावलं, पायावर पाणी घातलं आणि हात जोडून उभी राहिली. तिच्यामागे दुसरी उठली, तिसरी उठली. वसुबारसेला करतात तसं सगळं. पोरगी घोंगडीत घामानं निथळत होती.

केशवरावांना पुढच्या वर्षी जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. त्यांनी ती रांग पाहिली, टोपी सारखी केली आणि खुर्चीवरून उठले. "आजपासून," ते म्हणाले, "या गावात गाईवर बंदूक उठनार नाई. सरपंचाचा शब्द हाये."

टाळ्या. अमरावतीच्या पोरांनी टोप्या उडवल्या. मास्तरांनी डोळे पुसले. आणि शालू त्या गर्दीत मान उंच करून मला शोधत होती. तिला वाटत होतं, मला फार आनंद झाला असेल.

घरी आल्यावर मी घोंगडी तिच्या अंगावरून ओढून काढली. "नाव बदललं म्हनून जनावराचं पोट बदलते का?" मी विचारलं. तिला काही उमगलं नाही. तिला वाटलं, मी घोंगडीसाठी रागावले.

पुढचं सांगायला फार शब्द लागत नाहीत. शिबिर गेलं, रोही आले. पूर्वी दगड मारला, डबा वाजवला तर जात. आता आजूबाजूच्या शेतांतून कोणी दगडही उचलेना. गाय ना ती! पार्बताबाईचा नातू तर हरभऱ्यात उभ्या कळपाला हात जोडून पुढे जायचा. हाकलणारे एकटे आम्ही राहिलो, पण सगळा कळप आमच्याकडून हटे आणि फिरून आमच्याकडेच येई, कारण रमण्याला लागून पहिलं शेत आमचंच. नत्थुजी आठ दिवस मचाणावर बसले आणि नंतर अंथरुणाला टेकले. मी बाजार सांभाळू की राखण? शालू मचाणावर चढली. शाळा बुडाली, चैत्रात परीक्षा झाली, ती बसली नाही. माझ्या पोरीची आठवी तिच्याच तोंडून गेली, आणि ते शब्द तिच्या तोंडात घालणारा अमरावतीला पंख्याखाली बसला होता.

उन्हाळ्यात मी त्याच्या घरी गेले. मोठं घर, दारावर बापाच्या नावाची पितळी पाटी. मास्तरांच्या आई अनसूयाबाईंनी ओसरीवर बसायला पाट दिला, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. सगळं दिलं. उत्तर तेवढं कोणी दिलं नाही.

"शालूची परीक्षा चुकली, हे ऐकून फार वाईट वाटलं," मास्तर म्हणाले. "पण वर्षाचाच प्रश्न आहे. तुम्ही जरा व्यापक पाहा. कायद्यानं जे झालं नसतं, बंदुकीच्या धाकानं झालं नसतं, ते एका शब्दानं झालं. गाय म्हटल्याबरोबर माणसाचं मन बदललं. मी हे पुण्याच्या व्याख्यानातही सांगितलं."

आमची वांगी पुण्याच्या व्याख्यानात गेली होती तर!

"मास्तर," मी म्हटलं, "गाय देते दूध, देते शेन. रोही काय देते?"

ते हसले, तेच ते समजुतीचं हसणं. "सगळंच काही माणसाला देण्यासाठी नसतं, जयवंताबाई."

"बरं. गाय हाये ना पन? नक्की?"

"म्हणजे... लोकांनी गाय मानावी, हेच तर हवं आहे."

"मंग गाईले मालक असते. हिचा मालक कोन?"

"मालक?" ते आणखी हसले. "आपण सगळेच. सरकार म्हणा, मी म्हणा, तुम्ही म्हणा."

"तुमी म्हना," मी म्हटलं आणि उठले. गूळ पाटावरच ठेवला.

परतीच्या बसमध्ये मला कोंडवाडा आठवला. आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे आहे, पुरुषभर उंच दगडी भिंतींचा, छप्पर नाही, एकच फाटक, त्याला आडवा दांडा. मोकाट जनावर कोणाच्या पिकात शिरलं की शेतकऱ्यानं ते हाकत आणून कोंडवाड्यात घालायचं. मग मालकानं चार लोकांत येऊन, मान खाली घालून, माझं जनावर तुमच्या पिकात गेलं असं म्हणून ते सोडवून न्यायचं. दंडाचं कोणाला काही नसतं, ती खालची मान फार लागते. गावातली कितीतरी भांडणं त्या फाटकापाशी सुरू झाली आणि तिथंच मिटली.

पुन्हा मार्गशीर्ष आला. शालू पुन्हा सातवीत, अर्धे दिवस शाळेत, अर्धे मचाणावर. मास्तर पुन्हा शिबिर घेऊन आले. या खेपेला पोरं दुप्पट होती, कारण नीलगाय वाचवणारं गाव म्हणून आमचं नाव झालं होतं. शालू त्यांच्यात गेली नाही. वेळच नव्हता तिला.

एक भुरी मादी रोज सकाळी कळप सोडून एकटीच वांग्यात यायची. कुंपणाला एक खिंडार होतं, तिथूनच यायची, तिथूनच जायची. मी शेजारच्या शेतांतल्या चार बाया जमवल्या. देव सगळ्यांचा असला तरी हरभरा ज्याचा त्याचा असतो, आणि वर्षभरात त्यांचीही भक्ती पातळ झाली होती. मादी आत आली तशी आम्ही खिंडारात बाभळीच्या काट्या लोटल्या. मग डबे वाजवत तिला पांदणीकडे दाबली. पांदण म्हणजे शेतातून गावात येणारी वाट, दोन्ही बाजूंनी निवडुंगाची उंच कुंपणं. एकदा त्यात शिरलं की जनावराला पुढे जाण्याखेरीज गती नसते. ती धावत सुटली, आणि पांदण संपते तिथं आम्ही आधीच दोन बैलगाड्या आडव्या लावून वाट कोंडवाड्याकडे वळवली होती. ती आत गेली. मी दांडा घातला.

मग मी केशवरावांच्या दारात गेले.

"पाटील, गाय सापडली," मी म्हटलं. "माह्या वांग्यात शिरली होती. कोंडवाड्यात घातली. मालकाले बलवा अन् सोडवून न्याले सांगा."

"कोनाची गाय?"

"निळी."

केशवरावांचा हात मिशीवर होता तो तिथंच राहिला. "जयवंता, थट्टा करून राहिली का?"

"कायची थट्टा? भर सभेत तुमी गाय म्हटली. गाय असन तं कोंडवाड्यात राहीन. गाय नसन तं तुमची बंदूक खुंटीवर काहून हाये?"

गाव जमायला वेळ लागला नाही. भिंतीवर पोरं चढली. आत ती मादी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत होती, धडकत होती. थांबली की तिचे चारही पाय थरथरत. गाय कोंडवाड्यात येते आणि मुकाट रवंथ करत बसते. ही बसेना. तिचा वरचा ओठ दगडाला लागून फाटला होता. मला ते पाहवत नव्हतं, पण मी तिथून हलले नाही.

मास्तर धावत आले, मागे सगळं शिबिर. दुर्बीण छातीवर आपटत होती.

"सोडा! सोडा तिला!" ते ओरडले. "दांडा काढा आधी!"

मी फाटकाला पाठ लावून उभी राहिले. "या मालक," मी म्हटलं. "म्हना, माही गाय तुमच्या पिकात गेली. चार लोकात म्हना अन् घेऊन जा. दावं आनलं का?"

"जयवंताबाई, हे क्रूर आहे. ती मरेल! भीतीनं मरेल ती!"

"गाय कोंडवाड्यात मरत नाई. आमच्या गावात आजपर्यंत एक नाई मेली."

"अहो, पण ही गाय नाही!"

त्यांचं बोलणं भिंतीवरच्या पोरांनाही ऐकू गेलं. आत खुरं वाजतच होती. मास्तरांना कळलं आपण काय बोललो ते, पण एवढं जनावर डोक्यावर धडका घेत असताना शब्द परत कसा घेणार? उलट ते आणखी बोलत गेले. "ही रानातली आहे. हरणाच्या कुळातली. हिला कोंडता येत नाही, बांधता येत नाही. गायीशी हिचा काहीएक संबंध नाही. नुसतं नाव आहे ते!"

पार्बताबाई पुढेच उभी होती. तिनं मास्तरांकडे पाहिलं, मग जमिनीवर थुंकली. "मंग मी पाय कोनाचे धुतले?" ती म्हणाली.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. एक वर्ष वाट पाहिली होती मी त्या वाक्याची. पोटात ऊब आली, थंडीत शेकोटीपाशी बसल्यासारखी.

केशवराव लाल झाले होते. वर्षभर लोकांनी त्यांना गोरक्षक म्हणून हार घातले होते, आणि आता तीच माणसं तोंडावर पदर धरून हसत होती. "बंदूक आना रे माही," ते गड्याला म्हणाले. "गाय नाई ना? मास्तर सोताच म्हंते. मंग इथंच हिशेब करतो."

"इथे? मुलांसमोर?" मास्तरांचा आवाज चिरकला. त्यांच्यामागे शहरातली पोरं रडायला लागली होती. त्या दिवशी त्यांना शांततेचा तास लागला नाही.

गडी बंदूक आणायला पळाला. मी केशवरावांकडे वळून पाहत होते, म्हणून शालू कधी आली ते मला कळलं नाही. ती शाळेतून पळत आली असावी, दप्तर खांद्यालाच होतं. ती माझ्या काखेखालून वाकली, दोन्ही हातांनी दांडा ओढला आणि फाटक लोटलं. मादी बाहेर आली ती वाऱ्यासारखी. बाया किंचाळून बाजूला झाल्या, मास्तर खाली बसले, ती पांदणीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

मी शालूची वेणी धरली. सगळ्या गावासमोर दोन ठेवून दिल्या. "अजून गायच वाटते तुले ते?" मी ओरडले. "अजून?"

ती रडली नाही. "गाय म्हनून नाई सोडली, माय," ती म्हणाली. "रोही हाये ते. रोही म्हनूनच सोडली."

मास्तरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पण ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. दप्तर सावरत ती शाळेकडे परत गेली.

तंबू त्याच दुपारी उतरले. केशवरावांनी तहसीलीत जाऊन नवी परवानगी आणली, आता त्यांना कितीही घाई केली तरी थोडीच वाटत होती. पुढच्या आठवड्यात, सकाळी, आमच्याच हरभऱ्यात दोन पडले. एक नर, एक मादी. मादीचा वरचा ओठ फाटलेला होता. रोजच्या सवयीनं ती त्याच वाटेनं आली होती. शालू मचाणावरून उतरली, तिच्यापाशी जाऊन उभी राहिली, आणि घरी येऊन अभ्यासाला बसली.

कळप रमण्यात गेला. राखण सुटली. वांगी अशी धरली की झाडं वाकली. शालू सातवी पास झाली, शाळेत पहिली. आणि मास्तरांनी आपला शब्द पाळला, वसतिगृहात जागा मिळवली. त्यांनी शब्द पाळला नसता तर मला जास्त आवडलं असतं, पण पाळला.

मला पश्चात्ताप नाही. कोणी विचारलं तर आजही हेच सांगेन. माझ्या बापानं माझी पाटी काढून घेतली, मी माझ्या पोरीची परत मिळवली, आणि त्यासाठी दोन रोही पडले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा दांडा घालीन.

जूनमध्ये मी तिला पोचवायला अमरावतीला गेले. वसतिगृहाच्या दारात मास्तर उभे होते. वर्षात केस पिकले होते त्यांचे. मी नमस्कार केला नाही, त्यांनी केला. मग शालूकडे वाकून ते हळूच म्हणाले, "शालू, आम्ही पुन्हा शिबिर सुरू करतोय. दुसरीकडे, मेळघाटच्या बाजूला. येशील ना? मुलांना दाखवायला तुझ्यासारखं कोणी नाही."

"नाई येत, सर," शालू म्हणाली. "पोरायनं विचारलं हे कोन्तं जनावर हाये, तं कोन्तं नाव सांगू?"

मास्तरांचा चेहरा पाहून मला बरं वाटलं. बरोब्बर लागलं होतं. शेवटी पोरगी माझीच, असं मनात आलं आणि मी पुढे झाले. पहाटे उठून केलेल्या भाकरी आणि भरल्या वांग्यांचा डबा तिच्या हातात दिला. आपल्या शेतातली वांगी, बी न धरलेली, कोवळी, एकेक निवडून घेतलेली.

तिनं भाकरी काढून घेतल्या. डबा माझ्या हातात परत ठेवला.

"वांगे नोको, माय," ती म्हणाली. रागानं नाही, जेवताना पोट भरल्यावर म्हणतात तसं. माझ्या पाया पडली आणि आत गेली.

मी बस स्टँडवर आले. बसला वेळ होता. बाकावर बसून मी डबा उघडला आणि ती वांगी मी एकटीनं खाल्ली, सगळी. टाकायची नव्हती मला.